त्याच्या वाट्याला खरे काम आले का?

मी समुपदेशक आहे; दिव्यांग तरुणांचे पालक माझ्याकडे एक काळजी वारंवार घेऊन येतात. मुलाला क्रीडा क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून जायचे असते; पण तिथे त्याचे हसे झाले, त्याला झेपले नाही किंवा निव्वळ दयेपोटी ठेवून घेतले गेले, तर काय करायचे? या काळजीकडे कसे पाहावे हे मला ज्या आई-मुलाकडून अधिक नेमकेपणाने कळले, त्यांच्याविषयी, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मुलगा 19 वर्षांचा होता आणि त्याला सेरेब्रल पाल्सी होती. तो वॉकरच्या आधाराने चालत असे आणि त्याचे बोलणे संथ व अस्पष्ट होते. या स्थितीत मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे किंवा मेंदूच्या वाढीतील दोषामुळे हालचालींवरचे नियंत्रण बिघडते. मात्र बोलणे अस्पष्ट आहे म्हणून समजही कमी असेल, असे मुळीच नसते. तरीही पहिल्या भेटीत त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आईच देत होती. अखेर मी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि तो बोलेपर्यंत थांबले. "मी तिथे शोभेला आहे," तो म्हणाला.

दोन महिने त्याला प्रवेशद्वाराशी बसवून पाहुण्यांचे स्वागत करायला सांगितले होते. त्याची छायाचित्रे घेतली गेली, कौतुक झाले; पण दोनदा तो गेला नाही, तेव्हा कोणाच्या ते लक्षातही आले नाही. आईला हा आपल्या शंकेचा पुरावा वाटला आणि हे सगळे थांबवावे, असे तिचे मत झाले. मला मात्र उणीव मुलात नव्हे, तर त्याला दिलेल्या कामात दिसत होती. म्हणून मी त्याला विचारले, की तू आला नाहीस तर अडेल, असे तिथे कोणते काम आहे?

तो अनेक वर्षे बास्केटबॉल पाहत आला होता आणि त्याला नियम तोंडपाठ होते. पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडूला मैदान सोडावे लागते, त्यामुळे टेबलवरची नोंद चुकली तर सामन्याचे चित्रच बदलू शकते. टेबलवर बसून फाउल नोंदवण्याचे हे काम त्याने स्वतः मागितले. त्याला पेन धरणे कठीण जात असल्यामुळे मोठ्या बटणांचा टॅबलेट, सुरुवातीला शेजारी एक अनुभवी गुणलेखक आणि दोन सामन्यांनंतर विश्रांती, एवढ्या गोष्टी क्लबकडून हव्या होत्या. "इतके मागणे म्हणजे उपकार घेण्यासारखे नाही का?" असे आईने विचारले. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात अशा वाजवी सोयी नाकारणे हा भेदभाव मानला आहे, हे मी तिला समजावून सांगितले. तरी क्लबला द्यायचे विनंतीपत्र तिने बराच वेळ हातात धरून ठेवले होते.

काही आठवड्यांनी ती संतापून आली. मुलाची एका फाउलची नोंद राहून गेली होती आणि प्रशिक्षक सर्वांसमोर त्याला रागावले होते. अशा वेळी घाईने धीर देऊ नये, असे मला वाटते. कारण चुकीबद्दल बोलणे आणि अपंगत्वावरून अपमान करणे यांतला फरक नेमके शब्द ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि अपमान असेल तर तो खपवून घेण्याचा सल्ला कोणत्याही समुपदेशकाने देऊ नये. म्हणून काय बोलले गेले, ते मी मुलालाच विचारले.

"लक्ष कुठे आहे, असं ओरडले. आधी दुसऱ्या मुलालाही तसंच ओरडले होते," तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द जुळवून त्याने पुढचे वाक्य पूर्ण केले : "पण 'राहू दे' नाही म्हणाले."

आई गप्प झाली. घरात, शाळेत, नातेवाइकांत हे दोन शब्द त्याने किती प्रेमळ आवाजांत ऐकले असतील, याचा मी त्या क्षणापर्यंत विचारच केला नव्हता. दिव्यांगांच्या हक्कांविषयी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी 1972 मध्ये मांडलेली कल्पना, की जोखीम पत्करू देण्यातही माणसाचा सन्मान असतो, मी पालकांना नेहमी सांगते. त्या दिवशी ती सांगण्याची गरज उरली नाही. चूक पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक फाउलनंतर शेजारच्या गुणलेखकाने खेळाडूचा क्रमांक मोठ्याने उच्चारायचा आणि आपण तो परत म्हणायचा, अशी पद्धत त्याने स्वतःच ठरवून आणली होती. निघताना आईने त्याला विचारले, "पुढचा सामना किती वाजता आहे?"