‘केस झालेल्या माणसांत लेकराला कसं बसवू?’

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की बीडमधल्या आमच्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी कायद्याचं शिकत असते. इंटर्नशिपसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा एखाद्या वकिलाकडे नाव लागतं. काम असतं शिक्षा भोगून आलेल्या, नाहीतर जुन्या केसमुळे नोकरी अडलेल्या माणसांना मदत करण्याचं. मग आईवडील विचारतात, "अशा लोकांत लेकराला बसवायचं का? उद्या तिच्याच नावाला काही लागलं तर?"

माझं उत्तर आधीच सांगते: पाठवा, पण नीट चौकशी करून पाठवा. असं का म्हणते, ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माजलगाव तालुक्यातलं शेतकरी घर. मुलगी छत्रपती संभाजीनगरला तीन वर्षांच्या एलएलबीला. वडील खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलले, "ताई, जज्ज व्हावं म्हणून शिकायला धाडलं हिला. चोरा-चिलटांचे अर्ज लिहायला नाही धाडलं." बोलण्याच्या भरात त्यांनी पारधी समाजाचं नावही ‘चोर’ याच अर्थानं घेतलं. तिथं मी त्यांना थांबवलं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण आपल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. समोरचा माणूस कितीही काळजीत असला तरी हे मी ऐकून सोडत नाही.

मग मी मुलीला विचारलं, काम नेमकं काय आहे? ती म्हणाली, कागद वाचायचे, अर्ज लिहायचे, कोर्टातून नक्कल काढून द्यायची, सगळं वकील मॅडमच्या हाताखाली. वडिलांना वाटत होतं की हे पोरीनं हौसेनं अंगावर घेतलंय. बार कौन्सिलच्या नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, हे त्यांना माहीतच नव्हतं. कुठं करायची, एवढाच काय तो निवडीचा भाग. हे कळल्यावर आवाज थोडा खाली आला, पण चेहरा तसाच. भीती दुसरीकडंच होती.

ती आईनं सांगितली. "अहो, भावजींचं का नाही सांगत?"

मुलीचा चुलता. फार वर्षांपूर्वी बांधावरून भावकीत मारामारी झाली, आणि फिर्यादीत घरातल्या सगळ्या गड्यांची नावं पडली. हा त्या दिवशी शेतात नव्हताच. पुढं कोर्टातून निर्दोष सुटला. नंतर पोलीस भरतीत मैदानी निघालं, लेखी निघाली. अर्जात ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ या रकान्यात त्यानं ‘नाही’ लिहिलं. सुटलोय म्हणजे गुन्हा उरलाच नाही, असं त्याला वाटलं. चारित्र्य पडताळणीत जुनी केस निघाली, आणि माहिती दडवली म्हणून तो बाद झाला. तेव्हापासून तो मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो. पोलीस ठाण्याचं वारंसुद्धा घराला लागू नये, हे वडिलांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं.

ही भीती खोटी नव्हती. तिला "काही होत नाही हो" म्हणणं म्हणजे त्या माणसाचा अपमान झाला असता. मी त्यांना बोलू दिलं. भावाची केस सांगताना ते पहिल्यांदाच रडले.

मग मुलगी बोलली, आणि इथं मला तिचं शिक्षण दिसलं. ती म्हणाली, "बाबा, काकांकडं निकालाची नक्कल आहे का?" नव्हती. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत कोर्ट लगेच फुकट देतं. निर्दोष सुटलेल्याला मात्र ती अर्ज करून काढावी लागते. त्यामुळं खेड्यातली कितीतरी माणसं नुसत्या तोंडी शब्दावर घरी येतात. गावाला केस आठवते, सुटका सिद्ध करायला कागद नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितलंय की उमेदवारानं माहिती खरी द्यावी, आणि दडवली गेली तरी प्रकरण किती किरकोळ होतं हे नेमणूक करणाऱ्यानं तपासावं. खरं लिहिलं म्हणजे नोकरी मिळेलच असं नाही, हेही त्याच निकालात आहे. मुलीनं हेही लपवलं नाही. शिक्षा झालेल्यांसाठीही वाटा आहेत: १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली कोर्टानं समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही. किती जणांना हे कुणी सांगितलेलं असतं?

राहिली सुरक्षिततेची गोष्ट. ती काळजी रास्त आहे, आणि त्यावर उपाय आहेत. वडिलांना मी वकील मॅडमना भेटायला सांगितलं. बसायची जागा कोर्टाच्या आवारातच आहे का, जोडीला दुसरी विद्यार्थिनी आहे का, हे विचारायला लावलं. स्वतःचा मोबाइल नंबर कुणाला द्यायचा नाही, एकटीनं कुणाच्या घरी जायचं नाही, संध्याकाळच्या एसटीच्या आत काम आटोपायचं, आणि तिथं ऐकलेलं गावात एका शब्दानंही बोलायचं नाही, हे मुलीकडून कबूल करून घेतलं. अशी व्यवस्था नसेल तर नाही म्हणायचा हक्क आईवडिलांना आहे आणि मुलीलाही.

उठताना आईनं हळूच विचारलं, "सोयरीक बघायला आले तर काय सांगावं?" मी म्हटलं, जे आहे तेच सांगा: वकिलांच्या हाताखाली, कोर्टात, गरजूंचं काम करते. हे ऐकून जे घर मागं सरेल, तिथं वकील सून तशीही नांदायची नाही.

मुलगी गेली. तिच्या मदतीनं चुलत्यानं नकलेचा अर्ज केला. केस जुनी, संगणकावर नाही, म्हणून रेकॉर्ड रूममधल्या रजिस्टरवरून नंबर शोधावा लागला. सही-शिक्क्याची नक्कल हाती आली. पोलीस भरतीचं वय निघून गेलंय, ते परत येणार नाही. त्याबद्दल घरात अजून हळहळ आहे. वाळूजला सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी त्यानं अर्ज केलाय. गुन्ह्याच्या रकान्यात या वेळी ‘होय, निर्दोष मुक्तता’ असं लिहून सोबत नक्कल जोडलीय. पडताळणी अजून चालू आहे.