आठचा आकडा कुठे टाकायचा?

सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या वडिलांचं पत्र आलं आहे. लेक नुकतीच बारावी सायन्सला गेली आहे; तिला इथे मुक्ता म्हणू. पत्र थोडक्यात असं: "मुक्ता सिनेमे, मालिका, कॉमिक्स बघते-वाचते आणि त्यावर पानंच्या पानं लिहिते. दर रविवारी चार-पाच जण आमच्या हॉलमध्ये जमतात, विचित्र आकाराचे फासे टाकतात आणि जगात नसलेल्या माणसांच्या कुंडल्या मांडतात. अशी 41 माणसं तिच्या वहीत आहेत. आता म्हणते, इंजिनिअरिंग नको, यातच काहीतरी करायचं. फाळक्यांच्या गावात राहतो म्हणून प्रत्येकाने सिनेमाच काढायचा का? तिचे दोन रिव्ह्यू आणि वहीतलं एक पान सोबत जोडतो. काय ते स्पष्ट सांगा."

नमस्कार.

तुमच्या पत्रानंतर मी आधी वहीचं पान वाचलं, आणि दोनदा वाचलं. पात्राचं नाव भिवा. धंदा वाटाड्याचा, त्र्यंबकच्या मागच्या घाटांतून रात्री माणसं खाली उतरवतो. त्यापुढे सहा गुण आणि सहा आकडे: शहाणपण 15, चपळाई 14, तग 13, ताकद 12, छाप 10, बुद्धी 8. ही आकड्यांची जोडणी तिने मनाने केलेली नाही. रविवारी ही मंडळी खेळतात त्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रांच्या खेळात हा ठरलेला संच आहे. कोणता आकडा कुठे टाकायचा एवढंच खेळणाऱ्याच्या हातात. (चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडायचा, अशीही एक रीत आहे.) मराठी शब्द मात्र तिचे दिसतात. 'करिश्मा'ला 'छाप' हा शब्द मला तरी सुचला नसता.

सगळ्यात कमी आकडा तिने बुद्धीला दिला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "वाचता येत नाही, पण हे कुणाला कळू देत नाही. नकाशा हातात धरतो आणि डोळे मिटून वाट आठवतो." खेळाच्या हिशेबात आठचा अर्थ एवढाच, की बुद्धीचं काम निघालं की वीस पैलूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यातून एक वजा. पुष्कळ मुलं तो आठ जिथे आपल्याला त्रास होणार नाही तिथे टाकतात आणि विसरून जातात. मुक्ताने त्यातून माणूस काढला. नकाशा हातात धरून डोळे मिटणारा वाटाड्या म्हटलं की पुढे काय होणार हे बघावंसं वाटतं. पत्र वाचून मनात आलेली "अजून एक छंदिष्ट मुलगी" ही नोंद मी त्या ओळीपाशी खोडली.

खेळाबद्दल तुमच्या मनात जी धास्ती दिसते तिच्यावर फार शब्द घालवत नाही. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेका पात्राचं सोंग घेतात, आणि जमेल की फसेल असा प्रश्न आला की फासा निकाल देतो. 1980च्या दशकात तिकडच्या काही आईबापांना यात सैतान दिसला होता. आपल्या पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात मुखवटा चढवून माणूस रात्रभर देव-दानव होतो आणि सकाळी मुखवटा उतरवून आपल्या कामाला लागतो. रविवारी तुमच्या हॉलमध्ये याहून भयंकर काही चालत असेल असं मला वाटत नाही.

आता रिव्ह्यू. सिनेमावरचा कच्चा आहे. अर्धं पान कथा, मग 'जबरदस्त', 'ओव्हररेटेड', 'सेकंड हाफ ढेपाळतो', आणि साडेतीन स्टार. हे तिला तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं समजावू शकाल. तुमच्याकडे एखादा जॉब रिजेक्ट झाला तर रिपोर्टवर तुम्ही 'बोअर' असं लिहिता का? कोणतं माप, ड्रॉइंगवर किती, प्रत्यक्षात किती आलं, हे लिहिता. तुमचा शेरा वाचून मशीनवरच्या माणसाला कळायला हवं, की चूक टूल झिजल्याची आहे की सेटिंगची. सेकंड हाफ ढेपाळतो म्हणजे कोणत्या प्रसंगापासून? तिथपर्यंत त्या पात्राला काय हवं होतं, आणि तिथे ते मिळालं की लेखक विसरला? तिला हे विचारा. मुलगी चिडेल, पण उत्तर शोधायला पुन्हा सिनेमा बघेल, आणि दुसऱ्यांदा बघणं हीच या कामाची सुरुवात आहे.

कॉमिकवरचा रिव्ह्यू वेगळ्या हाताने लिहिल्यासारखा वाटतो. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत मारामारी होऊन गेली आणि चित्रकाराने ती दाखवलीच नाही, फक्त आधीची मूठ आणि नंतरचा सांडलेला चहा दाखवला, हे तिने बरोबर टिपलंय. इथे एकही स्टार नाही, हेही बघा. मालिकांवरचं लिखाण तुम्ही पाठवलं नाही. असेल तर ते नक्की वाचायचं आहे, कारण रोज नवा भाग द्यावा लागणाऱ्या गोष्टीत पात्रं कशी ताणली जातात, एका धक्क्यावर कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर का फिरून येतो, यावर मराठीत नीट लिहिणारे थोडे आहेत. मी सासूबाईंबरोबर दोन मालिका बघते, तेव्हा माझा यात स्वार्थ आहे.

या दोन छंदांकडे तुम्ही दोन व्यसनं म्हणून बघताय. मला ते एकच काम दिसतं. रिव्ह्यू लिहिताना ती दुसऱ्याने घडवलेला माणूस कुठे खोटा पडला ते शोधते. वहीत ती स्वतः माणूस घडवते आणि तो कुठे कमी पडणार हे आधी ठरवते. सिनेमा-मालिकांचं लेखन, पटकथा वाचून शेरा देणं, व्हिडिओ गेममधल्या पात्रांचे संवाद आणि मोहिमा लिहिणं, संपादन, या सगळ्या कामांत हेच विकलं जातं. विकलं जातं हा शब्द मुद्दाम वापरते, कारण नुसत्या समीक्षेवर घर चालवणारी माणसं मी फार कमी पाहिली. मी स्वतः कॉलेजात असताना एका साप्ताहिकासाठी दोन वर्षं सिनेमावर लिहिलं. मानधन दोन पास. त्यातला एक पास बऱ्याचदा बाल्कनीचाही नसायचा.

आणि पैसे कधी आलेच तर ते चुकीच्या दारानेही येतात. 'आमच्या सिनेमाबद्दल छान लिहा, एवढे देतो' असं कुणीतरी म्हणेलच. पैसे घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे आणि तसं ठळक सांगायला हवं, असे नियम आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये काढले आहेत. तिला ते आत्ताच वाचायला द्या.

शिक्षणाचं सांगते. बारावी सायन्स मधेच सोडू नका, सीईटीचा अर्जही भरा. त्याच्या जोडीला यूसीड (आयआयटींसारख्या संस्थांतल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा द्यावी. दोन्ही कोणत्याही शाखेच्या मुलांना खुल्या आहेत. यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात, परीक्षा जानेवारीत होते, आणि ती लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, म्हणून 'सहज बसून बघू' असं करू नका. या परीक्षांत चित्र काढावं लागतं. मुक्ताच्या पानावर भिवाचं एकही चित्र नाही, त्यामुळे तिकडे ओढा आहे का हे तिलाच विचारा. नसेल तर भाषा किंवा पत्रकारिता घेऊन पदवी नाशिकलाही होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा पटकथालेखनाचा अभ्यासक्रम पदवीनंतरच आहे. गेम डिझाइन एनआयडीच्या बंगळुरूच्या केंद्रात पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. म्हणजे खरा निर्णय चार वर्षांनी घ्यायचा आहे, आणि तुम्ही दोघं तो या महिन्यात घ्यायला निघालात.

या वर्षात मात्र तिने एक गोष्ट पूर्ण करावी. वहीत 41 माणसं आहेत. संपलेली गोष्ट एक तरी आहे का? एका बैठकीत, चार तासांत खेळून संपेल असा एक वन-शॉट तिने लिहावा, आणि तिला न ओळखणाऱ्या पाच जणांनी ती समोर नसताना कागदावरून खेळावा. कुठे अडतात त्याची नोंद ठेवावी. मित्रांसोबत खेळताना लेखकाला तोंडी सारवासारव करता येते. अनोळखी टेबलावर कागदालाच बोलावं लागतं. हे विकताही येतं. या खेळाच्या नियमांवर इतरांना लिहू देणारा एक जुना परवाना होता. जानेवारी 2023 मध्ये खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो बदलायचा घाट घातला, जगभरचे खेळाडू खवळले, आणि शेवटी खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुले झाले. श्रेय दिलं की त्या नियमांवर बेतलेलं स्वतःचं लिखाण कुणीही छापू शकतो. त्या खुल्या दस्तऐवजाबाहेरची, कंपनीच्या मालकीची राक्षसांची नावं आणि काल्पनिक दुनिया मात्र वापरायच्या नाहीत. भिवाला आणि त्र्यंबकच्या घाटाला त्यांची गरजही नाही.

तुमच्या फाळक्यांच्या टोमण्याचं उत्तर राहिलं. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला लागला तेव्हा दादासाहेब 43 वर्षांचे होते. त्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाईचा कारखाना, एवढं सगळं हाताखालून गेलं होतं. म्हणून मुक्तानेही पानाची मांडणी, आवाजाचं आणि व्हिडिओचं संपादन यातलं एक काहीतरी पक्कं शिकावं. मानधनाचे पास मिळायच्या काळात तेच किराणा भरतं.

आता तुमचं काम. येत्या रविवारी ड्युटी नसेल तर त्या टेबलावर बसा. बाजूच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसलात तर ते मोजलं जाणार नाही, खेळायला बसा. मुक्ता तुमच्यासमोर कोरा कागद ठेवेल: 15, 14, 13, 12, 10, 8. पात्र तुमचं तुम्हीच करा, तिची मदत घेऊ नका, आणि आठ कुठे टाकला, का टाकला, हे शेजारी एका ओळीत लिहा. भेटायला याल तेव्हा दोघांचे कागद घेऊन या.