२००९ ची डिझेल पिकअप घ्यावी का? दुरुस्ती घरच्या घरी जमते का?

तुमचा प्रश्न असा आहे: २००९ चं मॉडेल १ लाख ८० हजारांना मिळतंय, मालक म्हणतो ‘इंजिन आत्ताच केलंय’, घरचा भाजीपाला न्यायचा आणि जमलं तर बाहेरचं भाडं मारायचं. घ्यावी का, आणि दुरुस्ती स्वतःला जमेल का?

मी जुन्नर तालुक्यातला. २००६ ची पिकअप २०१४ साली घेतली, ती अजून दारात उभी आहे. चार सिलिंडर, टर्बो नाही, डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की लोक मुद्दा सोडून कंपन्यांवरून भांडत बसतात. टोमॅटोच्या हंगामात रोज नारायणगावचा बाजार, आणि तिकडं भाव चांगला असेल तर माळशेज उतरून कल्याण.

पहिली गोष्ट, ‘इंजिन केलंय’ हे ऐकून खूश होऊ नका. उलट विचारा, का करावं लागलं? वेळेवर ऑइल बदललेलं आणि कधी गरम न झालेलं हे असलं साधं डिझेल इंजिन सहजासहजी खोलायची पाळी येत नाही. लवकर खोलावं लागलं असेल तर एक तर ऑइलकडं दुर्लक्ष झालं, नाहीतर गाडी तापली. माझ्या बघण्यात दहातल्या सात वेळा तापलेलीच असते. आणि ती ज्या कारणानं तापली ते कारण अजून रेडिएटरमध्येच बसलेलं असेल, तर नवीन लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टन घालूनही पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तिथंच. म्हणून लेथवाल्याचं बिल मागा, पार्टचं बिल मागा. ते नसेल तर नुसतं हेड पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट बदलून वरून रंग मारलाय असं धरून चाला.

हे मला कुणी शिकवलं नाही, माळशेजनं शिकवलं. २०१८ चा पावसाळा. कल्याणला माल उतरवला आणि येताना मुरबाडहून पेंडीच्या पंचवीस पोत्यांचं भाडं मिळालं, म्हणजे साडेबाराशे किलो. रिकामे क्रेट वर बांधले, ताडपत्री टाकली आणि निघालो. घाट चढायला लागलो तसा काटा वर सरकायला लागला. बाहेर धुकं, पाऊस, अंगात स्वेटर, आणि गाडी तापतेय! मला वाटलं काटाच बिघडला असेल. बोगद्याच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ आली तेव्हा थांबलो. अर्धा तास हात न लावता बसलो, एवढी एकच अक्कल त्या दिवशी दाखवली. मग रस्त्याकडेच्या धबधब्याखाली कॅन धरून पाणी भरलं, थोडं थोडं ओतलं आणि रडतखडत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइलची पट्टी काढली तर तिच्यावर दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी. हेड गॅस्केट गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं.

आमच्याकडं ज्यांना सगळे चाचा म्हणतात त्या मेस्त्रींनी हेड उतरवलं आणि पाण्याच्या नळीचं तोंड उघडून माझ्याकडं बघितलं.

“शेठ, हा वॉल्व कुणी काढून टाकला?”

“आधीच्या मालकानं काढला असंल, चाचा.”

“आणि तुम्ही चार वर्षं बघितला नाय.”

तो वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. अनेक गॅरेजात अशी पद्धत आहे की गाडी तापली की आधी थर्मोस्टॅट काढून फेकायचा, म्हणजे ‘पाणी मोकळं फिरतं’. ऐकायला पटतं. पण त्याच्या आत मेण असतं, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशाला ते वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. पुष्कळ इंजिनांमध्ये तोच वॉल्व त्याच वेळी बायपासची वाट बंदही करतो. वॉल्व काढला की दोन्ही वाटा कायम उघड्या. मग एरवी इंजिन गारच चालतं, डिझेल नीट जळत नाही, अॅव्हरेज पडतं, लायनर झिजतात. आणि घाटात भरलेल्या गाडीला जेव्हा खरी गरज असते तेव्हा गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरला न जाता बायपासनं परत इंजिनातच फिरत राहतो. थर्मोस्टॅटची किंमत काहीशे रुपये. मला हेडला फेस मारणं (हेडची खालची बाजू लेथवर सपाट करणं), गॅस्केट, ऑइल, मजुरी सगळं धरून चौदा हजार लागले, ऐन हंगामातले नऊ दिवस गेले ते वेगळेच.

रेडिएटरही तेव्हाच खोलला. आतल्या नळ्या पांढऱ्या खरानं निम्म्या बुजलेल्या, कारण आम्ही वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी ओतत आलो. हंड्याच्या बुडाला जो थर बसतो तोच इथं बसतो. जुना पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उसवून नळ्यांमधून सळई फिरवून देतो. त्यानंतर मी कूलंट आणि दुकानातलं बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) याशिवाय काही घातलेलं नाही. आणि रेडिएटरचं झाकण दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढं गेलं तरी उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की लवकर उकळून बाहेर पडतं. लोक रेडिएटर बदलतात, झाकण मात्र तेच राहतं. गरम असताना ते झाकण उघडू नका हे लिहायची गरज नाही, तरी लिहितो. पोतं टाकून उघडणारेही हात भाजून घेतात.

गाडी बघायला जाल तेव्हा काय बघायचं? ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. ते दुधाळ नाही ना एवढं बघा. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्याच भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल, भोकातून धक्क्याधक्क्यानं धूर येत असेल तर ती बॅक मारतेय, म्हणजे रिंगा-लायनर संपलेत, मग मालक काहीही सांगो. धूर बघा. थंड इंजिनाला पहिला मिनिटभर पांढरा धूर आला तर ठीक. गाडी गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये जात असू शकतं किंवा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं), टायमिंग, कॉम्प्रेशन यात गडबड असते. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चढाला काळा आला तर त्यातल्या त्यात बरं, बऱ्याचदा एअर फिल्टर आणि नोझलवर भागतं.

मग खाली वाका. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिसला वेल्डिंगचे ठिगळ आहेत का बघा. पाटे मोजा, दोन्ही बाजूंना सारखेच हवेत. जादा पाटा टाकलेला असेल तर त्या गाडीनं मंजूर वजनापेक्षा कितीतरी जास्त माल ओढलाय. पाटा तुटत नाही मग चेसिस चिरते. हौद्याचा पत्रा, फाळका, दरवाजे कुजले असतील तर भाव पाडायला वापरा, त्यानं गाडी बंद पडत नाही.

आता स्वतः दुरुस्ती. निम्मी जमेल, आणि ती निम्मीच रोजची असते. ऑइल, फिल्टर, पट्टा, ग्रीसिंग, बॅटरीचे टर्मिनल, दिव्यांचं वायरिंग. डिझेल संपून बंद पडली किंवा फिल्टर बदलला की एअर काढणं तर यायलाच पाहिजे, रात्री दोन वाजता आळेफाट्याच्या अलीकडं तुम्हाला कोण भेटणार? फिल्टरवरचा एअरचा बोल्ट ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी नुसते बुडबुडे येतात, फसफस आवाज येतो, मग बुडबुड्यांसकट डिझेल, मग काचेसारखी सलग धार. धार सलग झाली की हातपंप दाबलेला असतानाच बोल्ट आवळायचा. तरी सुरू झाली नाही तर नोझलकडं जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा फेरा ढिले करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं, डिझेल ठिबकलं की आवळायचे. पण हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेल (नव्या गाड्यांची कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल पद्धत) असेल तर त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो, तिथं पान्हा लावायचा नाही, बारीक धारसुद्धा कातडीतून आत घुसते. तुमचं २००९ चं मॉडेल बहुतेक जुन्या पंपाचं असेल, तरी विचारून खात्री करा. त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो: जुन्याला पान्हे पुरतात, कॉमन रेलला स्कॅनर लागतो.

पंप स्वतः खोलू नका. तो पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरच लागतो. गावठी मेस्त्री स्क्रू पिळून ‘पिकअप वाढवून’ देतात, त्यानं काळा धूर तेवढा वाढतो.

ब्रेकबद्दल एक गोष्ट खूप ड्रायव्हरना माहीत नसते. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारं व्हॅक्यूम इनटेकमधून मिळतं. डिझेलमध्ये ते मिळत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपना तो डायनॅमोच्या पाठीला जोडलेला असतो, आणि डायनॅमो फिरतो पट्ट्यावर. म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंग गेलं, बहुतेक गाड्यांत वॉटर पंप गेला, आणि दोन-चार ब्रेक मारून झाले की पेडल दगडासारखं कडक. ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. घाट उतरताना हे झालं तर काय, याचा विचार करा आणि सीटखाली नवा पट्टा ठेवा. तसंच उताराला न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे शहाणे भेटतील. गिअरमध्ये पाय उचलला की पंप डिझेल तोडतो, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. वाचत काही नाही, वर ड्रम तापून ब्रेक सुटतात.

कागदांबद्दल थोडक्यात. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीच्या पासिंगची फी केंद्रानं एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढवली, तुमच्या गाडीला आज किती बसते ते आरटीओत विचारूनच भाव बोला. दिल्लीसारखी जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी आपल्याकडं नाही, पण पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं. एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद उतरलीय का बघा, फायनान्सची ना हरकत आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून घ्या. नंबर टाकून ई-चलन किती थकलेत तेही बघा, आमच्या गावात एकाला गाडीबरोबर अकरा हजारांची चलनं मिळाली. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय, त्यावरून कुणी अडवलं तर सांगा.

खर्चाचं म्हणाल तर माझी वही आहे. टायर आणि विमा सोडून वर्षाला सरासरी तीस-पस्तीस हजार. एखाद्या वर्षी बारा, हेड गेलं त्या वर्षी साठ. भाडं नियमित मारणार असाल तर परवडतं. वर्षातून चाळीस खेपा करणार असाल तर भाड्याची गाडी बोलवा, ते स्वस्त पडेल.

१ लाख ८० हजार मला जास्त वाटतात, बिलं दाखवली तरी दीडच्या आसपास बोला. पण त्याआधी तुमच्या भागात याच मॉडेलवर रोज हात असलेला मेस्त्री शोधा आणि गाडी बघायला त्यालाच बरोबर न्या, पाचशे रुपये आणि नाष्टा द्या. सकाळी सहाला जा. पोचल्या पोचल्या बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावा. गार असेल तर तुमच्यासमोर पहिला सेल्फ मारायला सांगा. कोमट लागला, तर मालकानं तुमच्या आधीच सुरू करून ठेवलीय. चहा घ्या, काही बोलू नका, आणि दोन दिवसांनी न सांगता परत जा.