आमदार आणि उद्योजक असलेल्या दिवंगत व्यक्तीची स्मृती गावाने कशी जपावी? पुतळा की शिष्यवृत्ती?

पुतळ्याला माझा विरोध आहे. शिष्यवृत्ती चालेल, पण तीही अपुरी आहे. हा प्रश्न वाचताच मला भाऊसाहेब, म्हणजे दयानंद बांदोडकर आठवले. ते खाणमालक होते, 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि 12 ऑगस्ट 1973 रोजी त्या पदावर असतानाच वारले.

आमचे डिचोली तालुक्यातले घर कुळाचे. 1964 मध्ये देवळाच्या मंडपात सरकारी मराठी शाळा सुरू झाली, तेव्हा वडिलांनी खांद्यावरच्या पंच्याने पाटी पुसून माझ्या हाती दिली. पुढे काही महिन्यांनी मी त्यांना त्यांचे नाव लिहून दाखवले. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, कागदावर आयुष्यभर अंगठा उठवलेला तो माणूस चिमणीच्या उजेडात पाटीकडे पाहत राहिला आणि त्याने मला ती पुसू दिली नाही. दुसऱ्या दिवशी तशीच पाटी घेऊन गेल्याबद्दल मास्तर रागावले, पण मी नाव पुसले नाही.

माझा चुलतभाऊ मात्र तीस वर्षे म्हणत आला आहे की, भाऊसाहेबांनी खाणीत मिळवले आणि त्यातले थोडे वाटले, यात मोठेपणा कसला? त्याचे चुकते ते इथेच. ती शाळा दानातून आलेली नव्हती, भाऊसाहेबांच्या सरकारने काढलेली होती. कुळांना संरक्षण देणारा 1964 चा कायदाही विधानसभेत झाला. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, कायद्याने मिळालेला हक्क मागावा लागत नाही. जानेवारी 1967 च्या जनमत कौलात भाऊसाहेबांची, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची बाजू 34,021 मतांनी हरली, तरी दोनच महिन्यांनी लोकांनी त्यांच्या पक्षाला 30 पैकी 16 जागा दिल्या, त्या देणग्यांसाठी नव्हे.

म्हणून आपल्या आमदारांनी सभागृहात विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे विधिमंडळाच्या कामकाजातून मिळवा, बांधून वाचनालयात ठेवा आणि स्मृतिदिनी मुलांकडून वाचून घ्या. देणगीदारांच्या फलकावर त्यांचे नाव आधीच असेल.

एक मात्र मान्य केले पाहिजे. चुलतभावाच्या शेतात दर पावसाळ्यात खाणीची लाल माती येत असे. ती खाण दुसऱ्याच कुणाची होती, पण त्याचा राग त्या मातीतून आलेला आहे. आपल्या आमदारांच्या धंद्यामुळे कुणाचे नुकसान झाले असेल, तर कार्यक्रम ठरवण्यापूर्वी त्या घरी जाऊन या.