वाचक विचारतात : चूक त्यांची, मग माफ मी का करू?

प्रश्न : मोठ्या जाऊबाईंनी पुतणीच्या लग्नात चारचौघांत म्हटलं, सासूबाईंच्या पाटल्या मी परस्पर ठेवून घेतल्या. पाटल्या नंतर लॉकरमध्येच सापडल्या, पण जाऊबाईंनी शब्द मागे घेतला नाही. कीर्तनात ऐकलं, आपल्यालाही क्षमा लागते म्हणून दुसऱ्याला करावी. पण मी तर कुणावर चोरीचा आळ घेतलेला नाही! (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आपण हुबेहूब तोच अपराध स्वतःत शोधतो, तो सापडत नाही आणि आपण सुटतो. शोधायची असते ती अपराधाची जात. आळ घेणं म्हणजे खातरजमा न करता बोलणं. घरात पाचशेची नोट सापडेना तेव्हा तुमचा पहिला संशय कामवाल्या मावशींवर गेला होता का?

एका कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जाऊबाई नेमकं काय बोलल्या ते चार-पाच ओळींत लिहा. ‘मला खाली पाहायला लावायचं होतं’ हा तुमचा अंदाज आहे, तो खोडा. उजवीकडे त्याच जातीचे स्वतःचे तीन प्रसंग आणि प्रत्येकापुढे ते कुणी पोटात घातलं त्याचं नाव. नावं टाळू नका. नुसत्या चुका लिहिल्या की अपराधीपणा येतो, आणि त्या भरात माणूस माफ करत नाही, स्वतःला कोसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत : दुखावणं आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहून पाहणं, क्षमा भेट म्हणून देणं, तसा निश्चय करणं, तो टिकवणं. स्वतःला कधीतरी मिळालेली माफी आठवायची ती तिसऱ्या पायरीवर.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला (अध्याय 18) दृष्टान्त अनेकांना ठाऊक असतो, त्यातला हिशेब नसतो. राजाने चाकराला 10,000 तालांतांचं कर्ज सोडलं. त्याच चाकराने बाहेर पडताच 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत सुमारे 6,000 दिनारांचा. म्हणजे सोबत्याचं देणंही शंभर दिवसांच्या मजुरीएवढं होतं, किरकोळ नव्हे. तुमचं दुःख क्षुल्लक आहे असं तो दृष्टान्त म्हणतच नाही.

फोन करून ‘मी तुम्हाला माफ केलं’ असं मात्र सांगू नका; ऐकणाऱ्याला तो आरोपच वाटतो. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान हळदीकुंकवाला बोलवा, वाण द्या, पाटल्यांचा विषय काढू नका. आठवणीने पुन्हा रक्त तापलं तर क्षमा फसली असं समजू नका. आठवण येणं आपल्या हाती नसतं, उट्टं काढायचं की नाही हे असतं. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत आपण ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून वाईटाला हाकलायला ओरडतो; बडगे, म्हणजे ज्यांच्यावर राग त्यांचे पुतळे, मात्र दरवर्षी दुसऱ्यांचेच निघतात.)

प्रश्न : इतवारीतल्या मित्राने हातउसने 80,000 रुपये नेले. दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही. माफ करायचं म्हणजे पैसे सोडायचे का?

उत्तर : नाही. राग सोडणं आणि रक्कम सोडणं हे दोन निर्णय आहेत, ते वेगवेगळे घ्या. 1963च्या मुदतीच्या कायद्यानुसार अशा वसुलीच्या दाव्याला साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षं मिळतात. तुमच्याकडे एकच उरलं आहे. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी देणं कबूल केलं, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. तेव्हा भेटायला जा, दरमहा 4,000चे वीस हप्ते सुचवा आणि तारखेसह लिहून घ्या. त्याची खरोखरच ऐपत नसेल आणि रक्कम सोडायची असेल, तर तेही त्याला स्पष्ट सांगा. मनातल्या मनात सोडलेले पैसे दर दिवाळीला पुन्हा मागायला येतात. बँकेतून दिले असतील तर ती नोंद तोवर जपून ठेवा.