मुलगी आठवीत आहे. मराठी शब्दसंग्रह वाढवायला शब्दार्थ पाठ करून घ्यावेत की कादंबऱ्या वाचायला द्याव्यात?

कादंबऱ्याच द्या. पाठांतराने शब्दाचा एक अर्थ डोक्यात बसतो आणि मग दुसरा चुकीचा वाटायला लागतो.

मी कोल्हापूरचा. वडिलांची बदली झाली म्हणून आठवीत पुण्याच्या शाळेत गेलो. वहीत होतं, 'तालीम : व्यायामशाळा, आखाडा.' वाक्यात उपयोग करायला सांगितल्यावर मी लिहिलं, 'आमच्या तालमीने फायनल मारली.' बाईंनी लाल रेघ ओढली आणि भर वर्गात विचारलं, आखाडा फायनल कशी मारेल? पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम हे आमच्याकडचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांच्या मॅचला पेठाच्या पेठा लोटतात. तालमीचा गणपती असतो. कुणाच्या घरी मयत झाली तर तालमीची पोरं आधी येतात. बाईंना हे ऐकायचंच नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) वाचली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि त्याच्या पुढाकाराने वाडी तालीम बांधते. गाठीला पैसा नाही, म्हणून लोक अंगमेहनत घालतात. गावाने मिळून उभी केलेली आपली तालीम, हा आमच्या पेठेतला अर्थ मला तिथे सापडला. शब्द मुळात अरबी, अर्थ शिक्षण. नाटकाची तालीम त्यातूनच आली. शाळामास्तर तालमीच्या मागे का लागतो, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच पुस्तकातला 'कारभारी' बघा. वाडी त्याच्या शब्दाबाहेर नाही. पेशवाईतला कारभारी राज्याचा कारभार बघायचा, आणि गावाकडे बायका नवऱ्यालाही कारभारी म्हणतात. तिन्हींतला धागा यादीतून कळणार नाही.

शब्द अडला की मुलीला लगेच कोश उघडू देऊ नका. अंदाज बांधून पुढे वाचू दे, प्रकरण संपल्यावर कोश बघू दे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चांगलाच आहे, पण त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, त्यात फुटबॉलची तालीम कुठून असणार?

परीक्षा महिन्यावर आली असेल तर मात्र यादीच पाठ करून घ्या, तेवढ्यात कादंबरी कामी येणार नाही. ग्रामीण कादंबरीतला एखादा शब्द तुमच्या भागात वेगळ्या अर्थाने चालत असेल, तेही तिला सांगा.

आणि तिचं बरोबर वाक्य कुणी खोडलं तर वही घेऊन शाळेत जा. माझे वडील गेले नाहीत, ते मला अजून लागतं.