सपाट झालेला पाय : इनसोल की घोट्याचा ब्रेस?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. गेल्या दीड वर्षात उजव्या तळपायाची कमान हळूहळू खाली बसली असून घोट्याच्या आतल्या बाजूस सूज व वेदना असतात. डॉक्टरांनी घोट्याच्या वरपर्यंत येणारा ब्रेस सुचवला आहे, परंतु दुकानात मिळणारा मऊ इनसोल पुरेसा होईल, असे घरच्यांचे मत आहे. ब्रेसने कमान पूर्ववत होईल का? आणि तो सतत वापरल्याने पाय दुबळा होईल का?

उत्तर : लहानपणापासून दोन्ही तळवे सपाट असणे आणि प्रौढ वयात एकाच पायाची कमान खचणे या निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात बहुधा पोटरीतून निघून घोट्याच्या आतल्या हाडामागून वळसा घेत तळपायाकडे जाणारी पोस्टीरियर टिबियल टेंडन ही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) झिजलेली असते. आपली वेदना नेमकी तिच्या वाटेवर आहे. ही कंडरा कमान उचलून धरते आणि पाऊल पुढे टाकताना टाच आत वळवते. ती अशक्त झाली की टाच बाहेरच्या बाजूस कलते आणि पायाचा पुढचा भाग बाहेर वळतो, त्यामुळे मागून पाहिल्यास त्या पायाची बोटे दुसऱ्या पायापेक्षा अधिक दिसतात.

घरच्यांच्या सूचनेतील उणीव येथेच आहे. टाच कललेलीच राहिली तर कमानीखालचा मऊ उंचवटा वजनाखाली चेपला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. (‘आर्च सपोर्ट’ असे वेष्टनावर छापले म्हणून आधार मिळतोच असे नाही.) उपयोगी इनसोलला टाच घट्ट धरणारी खोल वाटी, आतल्या कडेखाली पाचर आणि पुरेसा ताठपणा लागतो. पायाच्या मापाने घडवलेला यूसीबीएल हा प्रकार, ज्याचे नाव तो विकसित करणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेवरून पडले, आपल्या उंच कडांनी टाचेसोबतच पायाचा मधला भागही बाहेर सरकू देत नाही.

तरीही इनसोलची पकड घोट्याच्या खालीच संपते. ब्रेस नडगीलाही धरतो, म्हणून टाचेचे कलणे लांबलचक तरफेच्या बळाने रोखता येते आणि दुखऱ्या कंडरेवरचा ताण अधिक कमी होतो. चामड्याचे आवरण, आत प्लास्टिकचे कवच आणि पुढे नाडी, अशा रचनेचे ब्रेस बुटातही घालता येतात. सूज व वेदना तीव्र असतील तर काही आठवडे घोटा स्थिर ठेवणारा, काढता येण्याजोगा वैद्यकीय बूट देऊन कंडरेला विश्रांती दिली जाते.

निवडीचा खरा निकष पाय लवचीक आहे की ताठर, हा आहे. तपासणाऱ्याने हाताने टाच सरळ केल्यावर ती सरळ होत असेल, तर आधार तिला त्या स्थितीत धरून ठेवू शकतो. सांधे ताठरले असतील तर सरळ करण्याचा प्रयत्नच करू नये. अशा पायाला जसा आहे तसा सामावून घेणारा, मऊ अस्तराचा आधार द्यावा, अन्यथा हाडाच्या उंचवट्यावर जखम होते. १९८९ मध्ये जॉन्सन व स्ट्रॉम यांनी मांडलेल्या तीन अवस्थांत हाच भेद महत्त्वाचा आहे : पहिलीत कंडरा सुजलेली पण आकार ठीक, दुसरीत लवचीक विकृती, तिसरीत ताठर. घोट्याचा सांधाही कलतो ती चौथी अवस्था पुढे जोडली गेली.

आता आपले दोन प्रश्न. झिजलेली कंडरा ब्रेसने पूर्ववत होत नाही. वापरात असेपर्यंत तो हाडे योग्य जागी धरतो, वेदना कमी करतो आणि विकृती वाढण्यास काहीसा आळा घालतो, एवढीच अपेक्षा ठेवावी. पाय दुबळा होण्याच्या भीतीने तो टाळू नका, कारण दुखऱ्या कंडरेला रोज ताणणे अधिक घातक आहे. मात्र वेदना ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कंडरेचा व्यायाम सुरू करावा. पोटरी आखडली असेल तर तिचे ताणाचे व्यायाम आवश्यकच आहेत, कारण आखडलेली पोटरी आधारावर मात करून कमान दाबतच राहते.

आधार घालण्यासाठी बुटाची टाच ताठ असावी आणि मूळचा इनसोल काढता यावा. सुरुवातीस तो रोज एक-दोन तासच घालून वेळ हळूहळू वाढवावा. काढल्यावर अर्ध्या तासानंतरही त्वचेवर लाली टिकत असेल, तर माप बदलून घ्यावे. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी त्वचा रोज तपासावी, कारण चोळल्याची जाणीव त्यांना वेळेवर होत नाही. नीट बसवलेला आधार काही महिने नियमित वापरूनही वेदना तशीच राहिली किंवा टाच अधिक कलू लागली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून शस्त्रक्रियेविषयी मत घ्यावे. पाय लवचीक असतानाच गेल्यास सांध्यांची हाडे कायमची एकत्र न जोडता सुधारणा करण्याचे अधिक पर्याय उरलेले असतात.